गर्भपाताचा कायदा बदलला आणि गर्भनिरोधनावरचा विश्वास डळमळला

दूरदेशी (डॅलस)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी 'डॉब्ज' खटल्याचा निकाल दिला आणि १९७३ पासून चालत आलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क संपुष्टात आला. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात तेव्हापासून भरपूर लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते गर्भनिरोधनाबद्दल. गर्भपाताची वाट बंद झाली की लोक गर्भनिरोधनाकडे अधिक विश्वासाने वळतील, अशी एक साधी अपेक्षा असते. समाजमाध्यमांवर जे दिसले ते मात्र तसे नाही. काही जण वळले, पण घाबरून वळले, आणि त्याच काळात दुसऱ्या एका मोठ्या गटाने गोळी आणि गर्भाशयात बसवायची तांबी या दोन्हींकडे पाठ फिरवली.

आमच्या टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासूनच सुमारे सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी होती, त्यामुळे भीती नवी नव्हती. तरीही निकालाच्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे एरवी गणपतीची वर्गणी आणि मराठी शाळेच्या वेळा यांपलीकडे फारसे काही नसते, एक संदेश फिरत आला की संबंधांनंतर घ्यायची 'प्लॅन बी' ही गोळी आता जवळ बाळगणेही गुन्हा आहे. तो धादांत खोटा होता. पाठोपाठ दुसरा संदेश आला की दुकानात मिळतील तेवढ्या गोळ्या आजच घेऊन ठेवा. दोन्ही संदेश पाठवणाऱ्या भगिनी उच्चशिक्षित आहेत आणि दोघींचा हेतू मदतीचाच होता. देशभर हेच चालू होते. ॲमेझॉनने आणि सीव्हीएस, राइट एड या औषधदुकानांच्या साखळ्यांनी तेव्हा एका ग्राहकाला तीनच गोळ्यांची मर्यादा घातली, आणि त्या मर्यादेच्या बातमीने घबराट आणखी वाढली.

ही भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात 'ग्रिस्वोल्ड' निकालाचाही फेरविचार करावा असे स्पष्ट लिहिले, आणि १९६५ च्या त्याच निकालाने विवाहित जोडप्यांना गर्भनिरोधके वापरण्याचा हक्क मिळालेला आहे. (अविवाहितांना तो १९७२ मध्ये मिळाला.) त्यानंतर महिन्याभरात प्रतिनिधिगृहाने गर्भनिरोधनाच्या हक्काचे विधेयक २२८ विरुद्ध १९५ मतांनी मंजूर केले, जून २०२४ मध्ये सिनेटमध्ये त्याच विषयावरचे विधेयक ५१ विरुद्ध ३९ अशा मतांवर अडले, कारण पुढे जाण्यासाठी ६० मते लागत होती. आजवर एकाही राज्याने गर्भनिरोधकांवर बंदी घातलेली नाही. परंतु कायद्याची भाषा मोघम असली की बंदी नसतानाही काय होऊ शकते, हे कॅन्सस सिटीतील एका रुग्णालय-समूहाने दाखवून दिले. मिझुरी राज्यात गर्भपातबंदी लागू होताच त्यांनी बलात्कारपीडित स्त्रियांनाही ही गोळी देणे थांबवले. या गोळीवर बंदी नाही, असे राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाला सांगावे लागले आणि दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा देणे सुरू झाले. जिथे रुग्णालयाचे वकील गोंधळतात, तिथे सामान्य माणूस टिकटॉकवर उत्तर शोधू लागला तर त्याला दोष कसा द्यावा?

मला अधिक अस्वस्थ करणारी दुसरी लाट आहे. एक मुलगी दवाखान्याबाहेर गाडीत बसून बोलते आहे. नुकतीच तांबी बसवून घेतली आहे, ओठ पांढरे पडले आहेत, आणि "थोडंसं चिमटल्यासारखं वाटेल असं सांगितलं होतं" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणते. अशा चित्रफिती शेकड्यांनी आहेत आणि त्यांतली वेदना खरी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, तांबी बसवण्यापूर्वी वेदनाशमनाविषयी प्रत्येक स्त्रीशी बोलावे असे डॉक्टरांना सांगितले. या चित्रफितींनी विषय इतका लावून धरला नसता तर तो मार्गदर्शक सूचनांत इतक्या ठळकपणे आला असता असे मला वाटत नाही. अडचण पुढे सुरू होते. त्या मुलीची चित्रफीत संपली की लगेच दुसरी कोणी तरी येते, सहानुभूतीने बोलते, गोळीमुळे वंध्यत्व येते असे सांगते आणि शरीरातील हार्मोन 'साफ' करण्याची पावडर विकते.

माझे म्हणणे एवढेच आहे : ज्या स्त्रीची तक्रार दवाखान्यात कोणी ऐकून घेतली नाही, ती समाजमाध्यमावर ऐकून घेतली गेली, आणि ज्याने ऐकून घेतले त्याच्यावरच तिने विश्वास ठेवला. गर्भपाताचा पर्याय हाताशी असताना या चुकीच्या विश्वासाची किंमत वेगळी होती. तो पर्याय गेल्यावर ती फार मोठी झाली आहे. आपल्याकडे भारतात आणि इथे अमेरिकेत काय अनुभव आहेत, हे जाणून घ्यायला आवडेल.

टाका_दोरा (पुणे)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, आणि आमच्या व्यवसायातल्या लोकांनी तो मनाला लावून घ्यावा असे मला वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तुमच्या गटावरच्या पहिल्या संदेशाचे मूळ तिथे आहे. संबंधांनंतर घ्यायच्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. ती बीजांड बाहेर पडणे लांबवते. बीजांड आधीच बाहेर पडले असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि दिवस राहिलेले असतील तर त्या गर्भाला ती काहीही करत नाही. गर्भपाताच्या गोळ्या म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. त्यांचे काम सर्वस्वी निराळे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये प्लॅन बी च्या वेष्टनावरील माहितीतून, ही गोळी गर्भ रुजू देत नसावी, हा जुना संदिग्ध उल्लेख काढून टाकला. तोवर त्याच उल्लेखावर बोट ठेवून ती गर्भपाताची गोळी आहे असे सांगितले जात होते. हा घोळ आपल्याकडेही आहे. पाळी चुकल्यावर दहा दिवसांनी आय-पिल (प्लॅन बी सारखीच गोळी) घेऊन 'आता मोकळे झालो' असे समजणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, आणि केमिस्टच्या दुकानात दोन्ही गोळ्या एकच समजून मुलीकडे रोखून पाहणारेही आहेत.

आता गोळीच्या धोक्यांविषयी. धोके आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. दोन हार्मोनच्या एकत्रित गोळ्या घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला साधारण ३ ते ९ जणींच्या रक्तवाहिनीत गुठळी होते. गोळी न घेणाऱ्यांत हे प्रमाण १ ते ५ असते. पण गर्भारपणात ते ५ ते २० असते आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. पहिला आकडा चित्रफितीत सांगितला जातो, शेवटचे दोन सांगितले जात नाहीत. मनःस्थितीचेही तसेच आहे. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्मोनयुक्त साधने घेणाऱ्यांत, विशेषतः किशोरवयीन मुलींत, नैराश्यावरची औषधे सुरू होण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. तेव्हा "गोळी घेतल्यापासून मला उदास वाटते" असे एखादी मुलगी म्हणाली, तर "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे उत्तर शास्त्राला धरून नाही. दुसरी गोळी देता येते किंवा हार्मोन नसलेले साधन सुचवता येते, आणि तेवढे करायला दहा मिनिटे पुरतात.

रामप्रहर (ठाणे)

वरच्या दोन्ही प्रतिसादांतील एक सूर मला खटकतो. गोळी सोडणारी प्रत्येक स्त्री अफवांना बळी पडलेली आहे, असे गृहीत धरले जात आहे. मी लग्नानंतर तीन वर्षे गोळी घेतली. अर्धशिशी मला कॉलेजपासून होती. डोके दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येतात आणि अर्धे दृश्य दिसेनासे होते. गोळी सुरू झाल्यावर हा त्रास वाढला. डॉक्टरांना सांगितले तर "गोळीचा काही संबंध नाही, झोप नीट घ्या" असे उत्तर मिळाले. शेवटी एका अमेरिकन मुलीच्या चित्रफितीत मला माझेच वर्णन ऐकू आले आणि मी गोळी बंद केली. आज आम्ही पाळीच्या तारखा आणि शरीराचे तापमान पाहून सांभाळतो. मला जे समाजमाध्यमाने दिले ते डॉक्टरांनी दिले नाही, हे सत्य आहे. त्याला अपप्रचार म्हणणे मला मान्य नाही.

टाका_दोरा (पुणे)

रामप्रहर ताई, तुम्ही वर्णन केले आहे त्या अर्धशिशीला ऑरासहित अर्धशिशी म्हणतात, आणि ती असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली एकत्रित गोळी देऊच नये, कारण तिच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ती सरळ निषिद्ध वर्गात आहे. तुम्ही गोळी बंद केलीत हे योग्यच झाले. "डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही चमकते का?" हा एक प्रश्न गोळी लिहून देण्यापूर्वी विचारायला हवा होता, आणि तो विचारला गेला नाही ही चूक संपूर्णपणे वैद्यकीय बाजूची आहे. तांबी किंवा इस्ट्रोजेनविरहित गोळी तुम्हाला चालू शकते, हेही कोणी सांगितले नसावे.

दूरदेशी (डॅलस)

रामप्रहर, तुमचा अनुभव माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. तुमची तक्रार खरी होती, दवाखान्याने ती झटकली आणि पडद्यावरच्या अनोळखी मुलीने ती ओळखली. तिने दिलेली माहिती बरोबर निघाली, हे तुमचे सुदैव. मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. तारखा आणि तापमान पाहण्याच्या पद्धती अतिशय काटेकोरपणे पाळल्या तर चांगल्या चालतात, पण प्रत्यक्ष वापरात पद्धतीनुसार वर्षाला १०० पैकी २ ते २३ जणींना दिवस राहतात. गोळीच्या बाबतीत प्रत्यक्ष वापरातला हा आकडा ७ आहे, निरोधच्या बाबतीत १३, आणि तांबीच्या बाबतीत १ पेक्षाही कमी. महाराष्ट्रात ही पद्धत फसली तर तुमच्यापुढे कायदेशीर मार्ग आहे; १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक निकामी ठरणे हे कारण मान्य आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यातला 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' हा उल्लेख जाऊन 'कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार' असा झाला आहे. टेक्ससमधल्या बावीस वर्षांच्या मुलीने तीच चित्रफीत पाहून तोच निर्णय घेतला, तर तिच्यापुढे शेजारच्या इतर राज्यांतही बंदी असल्यामुळे न्यू मेक्सिकोपर्यंतचा प्रवास उरतो. सल्ला एकच असला, तरी जिथे तो ऐकला जातो तिथल्या कायद्याप्रमाणे त्याचे परिणाम बदलतात, आणि चित्रफीत बनवणारीला प्रेक्षक कोणत्या राज्यात बसला आहे हे ठाऊक नसते.

आकडेमोड (न्यू जर्सी)

पडद्यावर काय गाजले आणि प्रत्यक्षात काय घडले, यातली तफावत मांडतो.

निकालानंतरच्या महिन्यांत सर्वांत जास्त चर्चा झाली ती पुरुषांच्या नसबंदीची. तरुण मुले शस्त्रक्रियेहून परतताना स्वतःचे चित्रण करत होती, डॉक्टरांच्या याद्या फिरत होत्या, आणि आता पुरुषांनी जबाबदारी उचलली असे वातावरण तयार झाले होते. २०२४ मध्ये 'जामा हेल्थ फोरम' या वैद्यकीय नियतकालिकात १८ ते ३० वयोगटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निकालानंतर पुरुषांची नसबंदी वाढली हे खरे आहे. परंतु त्याच वयाच्या स्त्रियांच्या नसबंदीत झालेली वाढ साधारण दुप्पट होती, आणि स्त्रियांचे प्रमाण नंतरही चढत राहिले, पुरुषांचे तसे राहिले नाही. कौतुक एकाचे झाले आणि पोटावर शस्त्रक्रिया दुसरीने करून घेतली.

लोकमताचे म्हणाल, तर मे २०२२ च्या गॅलप सर्वेक्षणात ९२ टक्के अमेरिकनांनी गर्भनिरोधन नैतिकदृष्ट्या मान्य असल्याचे सांगितले. इतकी एकवाक्यता त्या देशात फार थोड्या विषयांवर आढळते, आणि समाजमाध्यम पाहून तिचा अंदाजही येत नाही.

आपल्याकडच्या वाचकांनी अमेरिकेकडे बोट दाखवण्यापूर्वी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल (२०१९-२१) पाहावा. भारतात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे, पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे. सुमारे ३५ टक्के पुरुषांच्या मते गर्भनिरोधन हे बायकांचे काम आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताबाबत विवाहितांइतकाच हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा मराठी बातम्यांखाली मी वाचलेल्या प्रतिक्रियांत कायद्यापेक्षा 'लग्नाआधी गरज काय' हाच प्रश्न अधिक होता. कायदा विस्तारला तेव्हाही बोलणे स्त्रीच्या चारित्र्यावरच येऊन थांबले.

पाणवठा (नाशिक)

पुरुषांच्या ०.३ टक्क्यांमागे इतिहास आहे, तो विसरू नये. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या, आणि त्यांत बळजबरी किती झाली हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्यानंतर पुरुषांची नसबंदी जी घसरली ती आजतागायत सावरली नाही. माझे वडील कुटुंबनियोजनाचा 'तांबडा त्रिकोण' दिसला तरी दवाखान्याच्या दारातून परत फिरत. मी स्वतः दुसऱ्या मुलीनंतर बिनटाक्याची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "बायकोचं का नाही केलं?" हाच. सरकारने मूल होऊ देण्याची सक्ती करो वा न होऊ देण्याची, गर्भनिरोधनाकडे पाहण्याची लोकांची नजर त्यातून दीर्घकाळ बिघडते, असे माझे मत आहे.

जुनी_पाने (मुंबई)

पाणवठा यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधके आणि त्यांची माहितीसुद्धा टपालाने पाठवणे अश्लीलतेच्या सदरात घातले होते. त्यातला गर्भनिरोधनाचा भाग १९७१ मध्ये वगळला गेला, गर्भपाताच्या साधनांचा उल्लेख अजून शिल्लक आहे, आणि 'डॉब्ज'नंतर तो पुन्हा उकरून काढला जात आहे. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी सोडली, आणि १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकात उघड उत्तरे देणे, हाच आक्षेपाचा मुख्य विषय होता. दूरदेशी म्हणतात ती 'ऐकून घेण्याची' जागा तेव्हा त्या मासिकाने भरून काढली होती, आणि उत्तर देणारा माणूस अभ्यास करून उत्तर देत होता.

माळरान (ह्यूस्टन)

चर्चा वाचून धीर आला म्हणून विचारते. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणींत 'गोळीने वजन वाढते आणि पुढे मूल होत नाही' हे पक्के ठरलेले आहे, सगळे टिकटॉकवरून आलेले. पाळीच्या नोंदीचे ॲपही त्यांनी, नोंदी पोलिसांच्या हाती जातील या भीतीने, काढून टाकले आहे. मी तिच्याशी बोलायला बसले की दोघी अवघडतो, कारण माझ्या आईने माझ्याशी यातले अक्षरही काढले नव्हते. तिला नेमके काय सांगावे?

दूरदेशी (डॅलस)

माळरान, कायद्याची बाजू मी सांगते. टेक्ससमध्ये अठरा वर्षांखालील मुलीला डॉक्टरांकडून गर्भनिरोधक घ्यायचे असेल तर पालकांची संमती लागते. संघराज्याच्या निधीवर चालणारे दवाखाने पूर्वी याला अपवाद होते, पण मार्च २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या (संघराज्याच्या) अपील न्यायालयाने या राज्यापुरती तिथेही संमतीची अट कायम ठेवली. म्हणजे तुम्ही तिच्यासोबत उभ्या राहिलात तर तिचा मार्ग बराच सोपा होतो. 'ओपिल' ही रोज घ्यायची गोळी मार्च २०२४ पासून चिठ्ठीशिवाय आणि वयाच्या अटीशिवाय दुकानात मिळते. प्लॅन बी लाही वयाची अट नाही. ती अनेक दुकानांत कुलूपबंद पेटीत ठेवतात, म्हणून मुली मागायला लाजतात. कोणी तरी कुलूप उघडून देते, एवढेच असते, हे तिला आधीच सांगून ठेवा. ॲपबद्दलची भीती मी खोडून काढणार नाही, कारण नेब्रास्कातील एका प्रकरणात आई आणि मुलीचे फेसबुकवरील खासगी संदेश पोलिसांनी वॉरंट काढून मिळवले होते. पाळीच्या तारखा वहीत लिहिल्या तरी चालतात, पण लिहिणे सोडू नये.

टाका_दोरा (पुणे)

वैद्यकीय भाग मी पूर्ण करते. गोळीमुळे वंध्यत्व येत नाही. बंद केल्यावर बहुतेकींची पाळी काही आठवड्यांत पूर्ववत होते. वजनाविषयीची भीती गोळीपेक्षा तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनच्या बाबतीत अधिक खरी आहे. ओपिलमध्ये इस्ट्रोजेन नाही, पण ती रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी लागते. तीन तासांहून अधिक उशीर झाला तर पुढचे ४८ तास निरोध वापरायला हवा, आणि लैंगिक आजारांपासून संरक्षणासाठी तो एरवीही हवाच. फिट्सची किंवा क्षयरोगाची औषधे चालू असतील तर त्यांतल्या काहींमुळे या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, तेव्हा ती चिठ्ठी सोबत न्या. सुरुवातीला अधूनमधून रक्तस्राव दिसेल. तो अपेक्षित आहे असे तिला आधी कळले असेल तर ती घाबरून गोळी सोडणार नाही. डॉक्टरांच्या खोलीत थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा आणि तिला एकटीने बोलू द्या. तिथे तिच्या शंका हसण्यावारी नेल्या गेल्या, तर संकोच न करता दुसरा डॉक्टर शोधा.